कुणाची गं तू

आईची मावशी, डीलिया थॉर्नटन,
वूस्टरच्या लाँड्रीत एकतीस वर्षं
परक्यांच्या कॉलरी कडक करत राहिली.
मागे उरलं एक प्रार्थनेचं पुस्तक,
पुठ्ठ्यावर इस्त्रीचा तपकिरी चटका,
आत कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन शब्द
आणि अक्षरांच्या डोक्यावर टिंबं.
टिंबं मला आधी माशीची घाण वाटली.
नखाने खरवडूनही पाहिलं एक.

गॉलवेच्या वाचनालयात, हीटरजवळच्या टेबलावर
फिनोलाबाईंनी भिंग पुढे सरकवलं.
"हा एस नाही, आर आहे.
जुन्या लिपीत दोघे सख्खे भाऊ.
आरचा हात जमिनीला टेकतो,
एसचा वरच राहतो.
आणि टिंब म्हणजे आवाज मऊ करायची खूण.
काही अक्षरं घशात उतरतात.
एफवर पडलं तर एफ गप्पच.
लिहायचा मात्र असतो.
दर वेळी."

आठ दिवस मी थॉर्नटन शोधत होते.
द्रायन म्हणजे काळं काटेरी झुडूप, बांधावरचं.
कुण्या कारकुनाने काट्याचं इंग्रजी केलं
आणि दौतीला झाकण लावून जेवायला गेला.
ध चा मा करणाऱ्याला निदान
एक अक्षर तरी खोडावं लागलं होतं.

एकोणीसशे अकराची खानेसुमारी.
दोन खोल्या, एक खिडकी.
बाप ओ द्रायनॉन.
आई नी लाहर्ता (एफ तिथे आहे, ऐकू येत नाही).
मुली नी घ्रायनॉन, नी घ्रायनॉन.
मी तीन कुटुंबं धरून चालले होते.
एवढ्याशा घरात भाडेकरू कसे झोपत असतील
याचं चित्रसुद्धा काढलं होतं वहीत, खाटांसकट.
फिनोलाबाई हसल्या नाहीत.
"ओ म्हणजे नातू. नी म्हणजे लेक.
या कागदावर बाई लग्नानंतरही बापाचीच लेक आहे.
चूल एकच."

आणि डीलिया कुठेच नाही.
नॉरा आहे, माझी आजी, वय सतरा.
ब्रीज आहे, वय चौदा, लिहिता येतं.
चर्चच्या वहीत लॅटिनमधली ब्रिगिडा.
बोटीच्या यादीत ब्रिजेट.
तिकडे प्रत्येक मोलकरणीला ब्रिजेटच म्हणत,
म्हणून असेल, डीलिया.
मी पुस्तक पुन्हा उघडलं.
ब्रीज नी घ्रायनॉन.
टिंबं जागच्या जागी,
एक मी खरवडलेलं.

कॉनेमाऱ्यात बस वळते तिथे उतरले.
बार्टला, नव्वदीचा, दगडी बांधावर बसून
कुत्र्याच्या पंजातला काटा काढत होता.
मान वर न करता म्हणाला,
"कुणाची गं तू?"
थॉर्नटन म्हणाले.
"तसलं इथे कुणी नाही."
ओ द्रायनॉन म्हणाले, चार दिवस घोटलेला उच्चार.
"ते अर्धं गाव आहे."
मग खिशातून कागद काढून
नावं खालून वर वाचू लागले,
तर मधेच त्याने काटा फेकला
आणि बोटांवर मोजत वाक्य माझ्याकडून काढूनच घेतलं:
शेरिल मार्गरेटची, नॉराची, मार्टीनची, टॉमची.
"मग असं सांग की!
टॉमचं घर ते बघ. धूर नाही ते."

एवढं लांब नाव मला आजवर कुणी दिलं नव्हतं.
मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.
त्यात ती नव्हती.
जिला मूल नाही
तिच्यावरून कुणी मोजत नाही.
विचारलं, तर बार्टला म्हणाला,
"ब्रीज? होती म्हणे एक. गेली."
कुत्रा लंगडत त्या घराकडे निघाला.
शेवटची बस पाच वीसची.

बसमध्ये वहीत साखळी उतरवून घेतली.
नॉराच्या शेजारी, दाटीवाटीने, ब्रीज लिहिलं
आणि सबंध नावाच्या डोक्यावर
एक टिंब दिलं.
फिनोलाबाई म्हणतील, हे व्याकरणात बसत नाही.